घरी बायपॅपवर झोपणारे मूल आणि विमा कंपनीचे चार ओळींचे पत्र

रंकाळाकाठ

माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमएचा दुसरा प्रकार आहे. ती बसते, बोलते, चित्रे काढते, चाकाच्या खुर्चीतून शाळेत जाते. चालत मात्र नाही. गेल्या नोव्हेंबरात तिला न्यूमोनिया झाला आणि शहरातल्याच एका खासगी रुग्णालयात ती अकरा दिवस होती, त्यातले नऊ दिवस अतिदक्षता विभागात, आधी नळी घालून आणि नंतर मास्कवर. ते सगळे बिल, किरकोळ कपात सोडली तर, विमा कंपनीने कॅशलेस मंजूर केले, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

प्रश्न घरी आल्यानंतरचा आहे. डॉक्टरांनी डिस्चार्ज देताना सांगितले की छातीचे स्नायू अशक्त असल्यामुळे झोपेत तिचा श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि म्हणून यापुढे रोज रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे मशीन, लावल्याशिवाय तिला झोपवायचे नाही. मशीन, दोन मास्क, ह्युमिडिफायर, कफ ओढून काढणारे सक्शन मशीन आणि ऑक्सिमीटर असे मिळून आम्ही १,३१,००० रुपये मोजले. त्याचा दावा केला तेव्हा चार ओळींचे पत्र आले की घरगुती वापराची उपकरणे पॉलिसीच्या कक्षेत येत नाहीत. त्यानंतर मशीनचे दाब ठरवण्यासाठी एका रात्रीची निद्रातपासणी करावी लागली. तोही दावा ‘केवळ तपासणीसाठी केलेली भरती’ म्हणून नाकारला.

आमची पॉलिसी २०१७ पासूनची आहे, मुलगी जन्मल्यावर तीन महिन्यांनी तिचे नाव त्यात घातले आणि तेव्हा आजाराचा काही मागमूसही नव्हता. मला समजत नाही ते हे, की तीच मुलगी अतिदक्षता विभागात राहिली असती तर कंपनी रोजचे हजारो रुपये बिनतक्रार देत राहिली असती, पण ती आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर तोच श्वास घेते तेव्हा त्याचे एक पैसाही देत नाही. कोणाला असा अनुभव असल्यास कृपया लिहावे. कंपनीचे नाव विचारू नये, कारण मला भांडणापेक्षा मार्ग हवा आहे.

शिरोली_नाका

ताई, वाचून वाईट वाटले. एक साधी शंका आहे, राग मानू नये. माझ्या वडिलांसाठी आम्ही कोविडच्या काळात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतला होता, तो घरात नुसताच पडून आहे. बायपॅपऐवजी रात्री ऑक्सिजन लावून भागत नाही का? आपल्या उपयोगाचा असेल तर मी आज संध्याकाळी आणून देतो.

रात्रपाळी

शिरोली_नाका, आपली भावना चांगली आहे, पण कृपया असे करू नये, आणि हे इथे जरा विस्ताराने लिहिते कारण हा गैरसमज सुशिक्षित घरांतही दिसतो. मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे.

श्वासाची दोन कामे असतात: प्राणवायू आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे. न्यूमोनियाने फुप्फुस खराब होते तेव्हा पहिले काम अडते आणि ऑक्सिजन उपयोगी पडतो. एसएमए किंवा डुशेनसारख्या स्नायू अशक्त करणाऱ्या आजारात फुप्फुस बहुधा ठीक असते. त्याला फुगवणारा भाताच अशक्त असतो. अशा मुलाला नुसता ऑक्सिजन लावला तर ऑक्सिमीटरवर ९८ दिसते, घरचे निर्धास्त होतात, आणि आत कार्बन डायऑक्साइड मात्र चढत राहतो. तो एरवी साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर (पाऱ्याचा दाब) यांच्या दरम्यान असतो. मुलांच्या बाबतीत झोपेच्या पाव भागाहून अधिक काळ तो ५० च्या वर राहिला तर त्याला झोपेतले अपुरे श्वसन म्हणतात. सकाळी डोके दुखणे, रात्री घाम फुटणे, सारखी कूस बदलून देण्यासाठी हाक मारणे, शाळेत पेंगणे आणि भूक मरणे ही त्याची घरात दिसणारी लक्षणे आहेत. आया ही लक्षणे बरोबर सांगतात, पण ती श्वासाची आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असा दोन पातळ्यांचा दाब देतो, म्हणून स्नायूंचे काम तो करतो. सीपॅप एकाच पातळीचा दाब देतो. तो घोरण्याच्या आजारात चालतो, या मुलांना पुरत नाही. बायपॅपमध्येही मूल स्वतः श्वास ओढू शकले नाही तर ठरलेल्या गतीने श्वास देणारा मोड असलेलेच मशीन लागते. दुकानदार स्वस्तातले देतो तेव्हा नेमके हेच विचारून घ्यायचे असते. ताईंनी निद्रातपासणी करून दाब ठरवून घेतले हे उत्तम केले. ती ‘केवळ तपासणी’ नव्हती, तो उपचाराचाच भाग होता, आणि डॉक्टरांनी तसे लिहून दिले पाहिजे.

मास्कबद्दल एक सांगते. मुलाचा चेहरा वाढत असतो आणि रोज आठ-दहा तास एकाच जागी दाब बसला की नाकाच्या हाडावर जखम होते, काही वर्षांत चेहऱ्याचा मधला भाग दबतो. म्हणून दोन वेगळ्या घडणीचे मास्क आलटून पालटून लावावेत.

जुना_दावेतपासनीस

मी एका सरकारी विमा कंपनीत एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षे आरोग्य दाव्यांच्या टेबलावर गेली. नाकारण्याची पत्रे मीही लिहिली आहेत, तेव्हा ती कशी लिहितात हे मला माहीत आहे. चार ओळींचे पत्र आले की समजावे की टेबलावरच्या माणसाने वैद्यकीय कागद वाचलेले नाहीत, फक्त बिलाचे शीर्षक वाचले आहे.

आधी कंपनीचे बळकट टोक सांगतो. आपल्याकडच्या पॉलिसीचा पाया रुग्णालयातील भरती हा आहे. भरती, तिच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचे काही दिवस, बहुतेक पॉलिसींत ३० आणि ६०, एवढीच तिची सीमा. नियामकाने, म्हणजे इर्डाईने, न देय वस्तूंच्या याद्या ठरवून दिल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत आणि त्यांत रुग्णालयाबाहेर वापरायचे ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझर किट, मास्क, खासगी परिचारिकेचा खर्च असे सगळे आहे. बायपॅप मशीन मात्र त्या यादीत नाही. ते चौथ्या यादीत आहे, ज्यातल्या वस्तू उपचाराच्या खर्चात सामावून घ्यायच्या असतात. म्हणजे रुग्णालयाने त्याचे वेगळे बिल लावायचे नाही. घरी घेऊन जाण्याच्या मशीनबद्दल ती यादी काहीच बोलत नाही, आणि कंपन्या या मौनाचा अर्थ नकार असा घेतात.

दुसरा दरवाजा घरी घेतलेल्या भरतीसमान उपचाराचा, ज्याला पॉलिसीत डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन म्हणतात. त्याची व्याख्या अशी, की एरवी रुग्णालयात ठेवावे लागले असते असा उपचार घरी घ्यावा लागला, कारण रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नव्हता किंवा रुग्णालयात जागा नव्हती. आता ताईंची मुलगी सकाळी शाळेत जाते. ती हलवण्याच्या स्थितीत नाही असे कोणता डॉक्टर लिहील? मूल जितके बरे राहील तितका हा दावा कच्चा होतो, अशी ही चमत्कारिक रचना आहे. आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत तर हे कलमच वगळलेले आहे, म्हणून ज्यांच्याकडे तीच एक पॉलिसी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता आपले बळकट टोक. २७ सप्टेंबर २०१९ रोजी इर्डाईने वगळण्याच्या अटींचे प्रमाणीकरण केले. त्यात कंपन्यांना कोणत्या गोष्टी वगळता येणार नाहीत याचीही यादी आहे. तिच्यात जनुकीय आजार आहेत, शरीरातील जन्मजात आजार आहेत, आणि कृत्रिम साधनांनी जीवन टिकवण्याचा उपचार, त्यातून रुग्ण पूर्ववत होणार नसला तरी, वगळता येत नाही असे म्हटले आहे. अपवाद आहे तो डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या कायम अचेतन अवस्थेचा. त्याआधी २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया विरुद्ध जय प्रकाश तायल या खटल्यात जनुकीय आजारांच्या सरसकट अपवादाविरुद्ध निकाल दिला होता. तेव्हा आजार जनुकीय आहे म्हणून पुढचा एखादा दावा नाकारला, तर ते पत्र जपून ठेवा. ते कंपनीच्याच विरोधात वापरता येते.

निद्रातपासणीचा नकार ‘एक्सक्लूजन चार’ खाली आलेला असेल. त्या कलमात केवळ निदान आणि तपासणीसाठी केलेली भरती वगळली आहे. रात्रपाळी यांनी म्हटले तसे, निदान आधीच झाले होते आणि त्या रात्री मशीनचे दाब बदलून उपचार ठरवला गेला. डॉक्टरांच्या एका परिच्छेदाने हा दावा फिरू शकतो. शिवाय ती तपासणी डिस्चार्जनंतर ६० दिवसांच्या आत झाली असेल आणि त्याच आजाराशी संबंधित असेल, तर ती भरतीनंतरचा खर्च म्हणूनही मागता येते, भरती झाली की नाही हा प्रश्नच मग उरत नाही. तारीख पाहून सांगा.

रंकाळाकाठ

डिस्चार्ज २१ नोव्हेंबरला झाला आणि तपासणी ९ जानेवारीला. म्हणजे एकोणपन्नासावा दिवस. हे मला कोणीच सांगितले नव्हते.

जुना_दावेतपासनीस

मग आजच अर्ज करा, भरतीनंतरचा खर्च म्हणून. मशीनचा दावा वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र बांधले तर नाकारणाऱ्याला दोन्हींवर एकच शिक्का मारणे सोपे जाते.

फौंड्रीवाला

मी कागल–हातकणंगले औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा, गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी आणि दिवसरात्र व्हेंटिलेटर. ताईंचे प्रकरण मास्कचे आहे, आमचे नळीचे. खर्च आणि धास्ती दोन्ही वेगळ्या जातीची.

आमच्या घरी आल्यापासूनचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. मशीनचा मोठा आकडा लोकांना दिसतो, पण तो एकदाच. कंबरडे मोडते ते दर महिन्याला लागणाऱ्या वस्तूंनी: सक्शनच्या नळ्या, फिल्टर, मशीनचे सर्किट (हवा नेणारी नळी), गळ्यातल्या नळीच्या पट्ट्या, डिस्टिल्ड पाणी, आणि रात्री जागणारी बाई. गेल्या मार्चमध्ये हे सारे मिळून ३४,८०० रुपये झाले, त्यात बाईंचे २२,०००. रात्री कोणीतरी जागे राहावेच लागते, कारण कफाने नळी तुंबली तर मुलाला हाक मारता येत नाही; नळीमुळे आवाजच निघत नाही. विम्याच्या भाषेत या बाईंना ‘देखभाल’ म्हणतात आणि ‘एक्सक्लूजन पाच’मध्ये विश्रांती व पुनर्वसनाच्या जोडीला बसवतात. जी बाई पहाटे साडेतीनला नळी साफ करून मुलाला निळे पडण्यापासून वाचवते तिचे काम आंघोळ घालण्याच्या रांगेत कसे बसते, हे मला अजून उमगलेले नाही.

पण मार्ग मिळाला तो असा. आमच्या कारखान्याची कर्मचाऱ्यांसाठी सामूहिक पॉलिसी आहे. सामूहिक पॉलिसी हा मालक आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्यात विशेष कलमे घालता येतात. आमच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी दलालाला बोलावून विचारले तेव्हा कळले की ‘कॉर्पोरेट बफर’ नावाची एक राखीव रक्कम आधीपासून पॉलिसीत होती, फक्त ती कोणी वापरत नव्हते. पुढच्या नूतनीकरणात त्यांनी घरच्या श्वसन उपकरणांचे भाडे आणि लागणाऱ्या वस्तू यांसाठी वर्षाला दोन लाखांपर्यंतचे कलम घालून घेतले. सहाशे माणसांवर वाटल्यावर त्याचा माणशी वाढीव हप्ता एका जेवणाइतकाही नव्हता. ज्यांची नोकरी संघटित उद्योगात आहे त्यांनी वैयक्तिक पॉलिसीशी झगडण्याआधी इथे विचारावे. नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी विचारावे. पॉलिसी छापून आल्यावर नाही.

ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो, त्यांनी ईएसआयला हलके समजू नये. त्यात कुटुंबाच्या उपचाराच्या खर्चाला खासगी पॉलिसीसारखी वरची रक्कम ठरलेली नाही. आमच्याच खात्यातल्या एका हेल्परच्या मुलीचे पुण्याचे उपचार त्यातून झाले. आमच्यासारख्या मधल्या पगारवाल्यांनाच दोन्हीकडून वारा लागतो.

हिशेबनीस

थोडा वेगळा सूर लावतो. मी सनदी लेखापाल आहे आणि सहानुभूती पूर्ण आहे, तरीही विमा म्हणजे काय हे विसरून चालणार नाही. जे घडेल की नाही हे ठाऊक नाही त्याची जोखीम अनेकांनी मिळून वाटून घेणे म्हणजे विमा. ज्या मुलाला रोज रात्री मशीन लागणार हे निश्चित आहे, त्याचा दरमहाचा खर्च हा जोखीम राहिलेला नाही, तो ठरलेला खर्च आहे. तो विम्यात घातला तर सगळ्यांचे हप्ते वाढतील आणि तरुण निरोगी माणसे पॉलिसी सोडून जातील. हे काम सरकारचे आहे, विमा कंपनीचे नव्हे.

रंकाळाकाठ

आपले म्हणणे मी दोनदा वाचले. पण मी २०१७ साली पॉलिसी घेतली तेव्हा माझ्या मुलीला हा आजार होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. जोखीम तेव्हा होती, आणि तिचाच हप्ता आम्ही भरत आलो. घर जळल्यावर ‘आता ते जळालेलेच आहे, त्यामुळे जोखीम उरली नाही’ असे कोणी म्हणत नाही.

जुना_दावेतपासनीस

ताईंनी माझे काम हलके केले. हिशेबनीस यांच्या मुद्द्यात तथ्य आहे ते नव्याने पॉलिसी घेणाऱ्यांपुरते. पॉलिसी चालू असताना जडलेला आजार कंपनीच्याच जोखमीतला असतो, आणि दावे फार झाले म्हणून नूतनीकरण नाकारण्याचा अधिकारही कंपनीला नाही. त्यामुळे काहीही झाले तरी हप्ता एक दिवसही चुकवू नका. रागाने पॉलिसी सोडणारे पालक मी पाहिले आहेत, आणि मग नव्या कंपनीच्या दारात आधीपासूनचा आजार म्हणून तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा त्यांच्या वाट्याला येते. पूर्वी ती चार वर्षांची होती, २०२४ च्या नियमांनी ३६ महिन्यांवर आणली.

शिवाय कंपनीच्या स्वतःच्या हिशेबानेही हा नकार शहाणपणाचा नाही. रात्रीचा श्वास नीट राहिला तर असे मूल वर्षातून दोनदा अतिदक्षता विभागात जाण्याचे टळू शकते. ताईंच्या नोव्हेंबरच्या भरतीचे बिल किती झाले होते?

रंकाळाकाठ

३,४२,००० रुपये.

जुना_दावेतपासनीस

म्हणजे एका भरतीच्या पैशात अशी अडीच मशीन आली असती. टेबलावर बसून हे आम्हालाही दिसायचे, पण आमच्यापुढच्या फॉर्ममध्ये ‘टळलेला खर्च’ असा रकाना नव्हता.

आजऱ्याचा_परदेशी

मी सध्या अमेरिकेत असतो. इथेही हे सहज मिळालेले नाही. १९८१ साली आयोवा राज्यातल्या केटी बेकेट या तीन वर्षांच्या मुलीचे प्रकरण गाजले. मेंदूच्या संसर्गानंतर तिला व्हेंटिलेटर लागत होता, आणि सरकारी मेडिकेड योजना ती रुग्णालयात राहिली तरच पैसे देत होती. घरी नेले तर खर्च कमी होत होता, पण मग आई-वडिलांचे उत्पन्न मोजले जाई आणि ती योजनेबाहेर पडे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत त्याचा उल्लेख केला, तिला अपवाद म्हणून घरी जाऊ दिले, आणि १९८२ च्या कायद्याने राज्यांना अशा मुलांसाठी घरच्या उपचाराचा पर्याय खुला झाला. केटी २०१२ पर्यंत जगली. रंकाळाकाठ यांनी विचारलेला प्रश्न शब्दशः तिच्या आई-वडिलांचाच होता.

राधानगरी_खालची_बाजू

आपण सगळे पॉलिसीवाले आहात. आमच्याकडे शेती आणि केशरी रेशनकार्ड आहे. पुतण्याला डुशेन आहे, वय चौदा, डॉक्टरांनी आता रात्रीचे मशीन सांगितले आहे. महात्मा फुले योजनेत हे बसते का?

रात्रपाळी

दादा, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण तेही ठरलेल्या उपचारांच्या यादीप्रमाणे आणि रुग्णालयात भरती असतानाचे. घरी न्यायचे मशीन त्यातून मिळण्याची आशा धरू नका. मात्र छातीचा संसर्ग झाला तर वेळ न घालवता योजनेतल्या रुग्णालयात भरती करा. तिथला व्हेंटिलेटरचा उपचार योजनेत बसतो.

मशीनसाठी दोन-तीन वाटा सुचवते. सर्वांत आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात ते होते. २०१६ च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे नाव स्पष्ट आहे. पुढच्या प्रत्येक अर्जाला ते लागते. दुसरे, २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात डुशेन आणि एसएमए दोन्ही आहेत आणि निवडलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. आपल्याला जवळचे केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय. ते मुख्यतः औषधोपचारासाठी आहे, तरी नाव तिथे नोंदवलेले असावे. तिसरे, नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना: वर्षाला एक लाखापर्यंत, आधीपासूनच्या आजाराची अट नाही, आणि बाह्यरुग्ण उपचारही त्यात येतात. पण ती सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. निव्वळ स्नायूंचा आजार तिच्यात बसत नाही; प्रमाणपत्रावर बहुविकलांगता आली तरच.

हिशेबनीस

मगाशी मी कोरडे बोललो, तेव्हा उपयोगाचे एक सांगतो. दिव्यांग अपत्याच्या पालकाला, ज्याला आपण इतकी वर्षे ८० डीडी म्हणत आलो ती वजावट मिळते: ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला ७५,००० आणि ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या जुळवत बसावे लागत नाही. मात्र ती जुन्या करपद्धतीतच आहे, आणि बहुतेक पगारदारांना कंपनीने न विचारता नव्या पद्धतीत टाकलेले असते. ताई, फौंड्रीवाला, आपण दोघांनी हे तपासावे. फुकट सांगतो आहे, निरोप देऊन घरी या, आकडेमोड करून देईन.

शिरोली_नाका

कॉन्सन्ट्रेटर राहिला बाजूला. पण मला पावसाळ्याची काळजी वाटते. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या भागात दिवसेंदिवस वीज नव्हती, महामार्ग पाण्याखाली होता. अशा घरांनी काय करावे?

फौंड्रीवाला

हे विचारलेत ते बरे केले. २०२१ च्या जुलैत आम्ही मुलाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचल्याच्या रात्रीच हलवले. ४३ फुटांची धोका पातळी ही आमच्यासाठी फार उशिराची असते, कारण त्या वेळी रस्ते जातात आणि रुग्णवाहिका मिळत नाही.

विजेचा हिशेब असा. मशीन साधारण साठ वॉट खाते असे धरा. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, म्हणजे तीस तास. प्रत्यक्षात निम्मे धरावे. ह्युमिडिफायरची गरम पट्टी बरीच वीज ओढते, ती बंद केली की वेळ वाढतो. त्या इन्व्हर्टरवर पंखा-टीव्ही काही लावू नये. अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, उशाशी टांगलेली असावी, आणि ती दाबता येणारी किमान दोन माणसे घरात असावीत. आमच्याकडे शेजारच्या काकूही शिकल्या आहेत. नळी असलेल्या मुलाच्या पिशवीत त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दुसरी नळी नेहमी असते. महावितरणच्या उपविभागात मी दरवर्षी मे महिन्यात डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज देतो. त्याचा नेमका उपयोग किती होतो सांगता येणार नाही, पण गेल्या वर्षी वीज गेल्यावर लाइनमनचा स्वतःहून फोन आला होता.

इन्व्हर्टर आणि बॅटरी विम्यात मिळणार नाही हे सांगायला नकोच.

जुना_दावेतपासनीस

मशीनच्या दाव्याबद्दल राहिलेले लिहितो. ताई, डॉक्टरांकडून नवे पत्र घ्या. डिस्चार्ज कार्डावर ‘रात्री बायपॅपचा सल्ला’ एवढेच असते, आणि सल्ला म्हटले की टेबलावरचा माणूस तो ऐच्छिक समजतो. पत्रात निदान, रात्रीच्या कार्बन डायऑक्साइडचे आकडे, रोज किती तास, मशीन न लावल्यास काय होईल, आणि घरी हे शक्य नसते तर मुलीला रुग्णालयातच ठेवावे लागले असते, हे वाक्य स्वतंत्रपणे असावे. ते पत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा आणि इर्डाईच्या ‘बिमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर त्यांच्याच अखत्यारीत येते. शुल्क नाही, वकील चालत नाही, सुनावणी घरी बसून व्हिडिओवर होऊ शकते, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत आहे. ग्राहक आयोग हा दुसरा मार्ग, पण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही.

मशीनचा दावा जिंकालच असे मी म्हणत नाही. पॉलिसीतली व्याख्या आपल्या बाजूने नाही. तरीही लढावा, कारण असे निवाडे झाले तरच व्याख्या बदलायचा विचार कोणी करील. पुढच्या वर्षासाठी मात्र पाहा: अलीकडे काही कंपन्या टिकाऊ वैद्यकीय उपकरणांचे जोडकवच देतात आणि त्यात व्हेंटिलेटरसारखी उपकरणेही असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यातून वाचलेले पैसे इकडे वळवता येतील. मुलीचा आजार जाहीर असल्याने प्रतीक्षा काळ लागेल, पण मशीनचे आयुष्य संपेपर्यंत तो संपलेला असेल.

रंकाळाकाठ

सात आठवड्यांनी लिहीत आहे. निद्रातपासणीचे १४,५०० रुपये भरतीनंतरचा खर्च म्हणून मिळाले. कोणतेही स्पष्टीकरण न देता, सरळ खात्यात जमा झाले. सक्शन मशीनसकट सगळी उपकरणे पुन्हा नाकारली, या वेळी पत्र दीड पानी होते. त्यात आजार जनुकीय असल्याचा उल्लेख आहे, पण कारण म्हणून नाही, नुसता ओझरता. ते वाक्य पिवळ्या रंगाने अधोरेखित करून मी पुण्याला तक्रार पाठवली आहे आणि सुनावणीची तारीख यायची आहे. माझ्या यजमानांच्या संस्थेची सामूहिक पॉलिसी एप्रिलमध्ये नवी होते, फौंड्रीवाल्यांनी लिहिलेल्या कलमाचा मसुदा त्यांनी मागितला आहे. शक्य असल्यास नावे खोडून निरोपातून पाठवावा.

राधानगरीच्या दादांसाठी: आमच्या मुलीचा पहिला मास्क आता तिला लहान होतो, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तो बसणार नाही. पण सर्किटची एक न उघडलेली पेटी आमच्याकडे आहे, आणि तुमच्या मशीनच्या मॉडेलचा क्रमांक कळवलात तर ती जुळते का ते पाहून रंकाळा स्टँडवर आणून देईन.

राधानगरी_खालची_बाजू

मशीन अजून घेतलेले नाही ताई. केईएमची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. प्रमाणपत्र मिळाले, ८० टक्क्यांचे. आल्यावर क्रमांक कळवतो.